दीपगृहवाल्याचा आवाज

१

अंड्यांसाठी लावलेलं स्वयंपाकघरातलं घड्याळ किणकिणलं आणि घरातली शांतता तडकली.

आफ्राने धावत जाऊन ते बंद केलं. आतल्या खोलीत तिचा नवरा झावेर रात्रपाळीहून येऊन नुकताच आडवा झाला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून तिने टीव्हीचा आवाज अगदी बारीक ठेवला होता. पडद्यावर दीपगृहाचा रखवालदार एका अनाथ मुलीला कालवणाची वाटी पुढे करत काहीतरी सांगत होता.

घरी बसून चित्रपट पाहणं ही आफ्राची चैन नव्हती, नोकरी होती. म्युनिकबाहेरच्या ‘आबेंडकीनो’ या वाहिनीवर दिवसरात्र चित्रपटच लागतात. लोक त्यासाठी दरमहा पैसे मोजतात आणि एक ओरखडा दिसला की फोन करून भांडतात. म्हणून दाखवायच्या आधी प्रत्येक चित्रपट कुणाला तरी डोळ्यांत तेल घालून पाहावा लागतो. ते कुणीतरी म्हणजे आफ्रा. आज तिच्या छोट्या फिनीला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून तिने शेवटच्या तपासणीची प्रत घरी आणली होती.

गादीवर बसलेल्या फिनीने अंगठा तोंडातून काढला. "आई, हा काका मुका आहे का?"

"नाही गं, आवाज कमी केलाय मी. बाबा झोपलाय ना."

"मग समुद्र कसा ओरडतोय?"

आफ्राच्या मनात पाल चुकचुकली. तिने आवाज वाढवला. लाटा आपटत होत्या, दार करकरलं, वाटी लाकडी टेबलावर टेकल्याचा आवाज आला, मागे व्हायोलिन होतं. रखवालदाराचे ओठ हलत होते. शब्द मात्र एकही नव्हता.

तिने टेप पुढे पळवली. वादळ, भांडण, बोटीवरचा निरोप. सगळीकडे तेच. माणसं तोंडं हलवत होती, जणू काचेपलीकडून बोलत होती. मग ती मुलगी झोपत नाही तो प्रसंग आला. रखवालदार तिच्या उशाशी बसला आणि गुणगुणला.

गुणगुणणं ऐकू आलं. जाड, उबदार, थोडं बेसूर. सगळ्या जर्मनीला पाठ असलेला तो आवाज होता, आणि तो आवाज देणारा माणूस वसंतात वारला होता.

एवढंच उरलं होतं. त्याने उच्चारलेला प्रत्येक शब्द कुणीतरी काढून घेतला होता.

२

"गेल्या आठवड्यात तुम्ही हीच टेप ऐकलीत, नीट आहे म्हणून सही केलीत," हार्मसेनसाहेब म्हणाले. कार्यक्रम ठरवणं त्यांच्या हाती होतं. हॅम्बुर्गहून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. "आणि आज पेटीत दुसरीच टेप निघते."

"तेव्हा शब्द होते, साहेब. सगळे."

चित्रपट फ्रेंच होता. रखवालदार झालेला नट रेमों वाल्ड्रेक, पण इथे त्याला वाल्ड्रेकच्या आवाजाने कुणी ओळखत नसे. तीस वर्षं तो जर्मन बोलला तो आन्सगार क्वास्टच्या आवाजात. एकदा वाल्ड्रेक स्वतः म्युनिकला आला, मंचावर दोन वाक्यं फ्रेंचमध्ये बोलला आणि लोक हिरमुसले. हा काही त्याचा आवाज नाही, म्हणाले. क्वास्ट गेला तेव्हा वाल्ड्रेक गेल्यासारखीच माणसं हळहळली. म्हणून वाहिनीने जाहीर केलं होतं: सर्व संतांच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, ‘दीपगृहातला हिवाळा’. आपल्या मृतांच्या कबरींवर दिवे लावायचा तो सण या शनिवारी होता. जर्मन आवाजाची दुसरी प्रत कुठेच नव्हती. डबिंग झालेला स्टुडिओ बंद पडला होता, आणि त्याच्या तळघरातली टेप पुरात गेली होती.

बैठकीला आणखी तिघे होते. टेपांचं भांडार सांभाळणारा म्हातारा अलॉइस. ध्वनियंत्रावर बसणारा एगिड, पन्नाशीचा, मितभाषी. आणि टिलो ब्रांडिस, क्वास्टच्या जागी आता वाल्ड्रेकला आवाज देणारा तरुण नट.

"मूळ फ्रेंच लावू आणि खाली अक्षरं छापू," अलॉइस म्हणाला. "चित्रपट तर दाखवला जाईल."

"चित्रपटाचं मी बघेन. मला आवाज हवाय," हार्मसेनसाहेब म्हणाले. बोलता बोलता त्यांनी टेबलावरच्या कागदी पिशवीतून वेणीसारखा गुंफलेला गोड पाव काढला, टोकाकडून जाड तुकडा कापला आणि तोंडात टाकला. "कुणी आणलाय? छान आहे."

"तो ठेवा."

एगिडचा आवाज इतका करडा होता की सगळे वळले. तो उठून उभा राहिला होता.

"अहो, पाव तर आहे," साहेब ओशाळून म्हणाले. "मला वाटलं बैठकीसाठी आणलाय."

"तो बैठकीसाठी नाही." एगिडने उरलेला पाव पिशवीत घालून मांडीवर घेतला, आणि बैठक संपेपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून बसला.

जाता जाता साहेबांनी आफ्राला थांबवलं. "तुमची नोकरीतली चाचणीची मुदत या आठवड्यात संपते. शेवटची सही तुमची आहे. शनिवारपर्यंत आवाज सापडला नाही, तर मला तुमच्या बाजूने बोलता येणार नाही."

आफ्रा बाहेर आली. दोन गोष्टी तिला टोचत होत्या. टेप पुसली गेली असती तर लाटाही पुसल्या गेल्या असत्या. इथे कुणीतरी शब्दांशिवायची पट्टी जोडली होती. परदेशात डबिंगसाठी पाठवतात ती, नुसत्या संगीताची आणि आजूबाजूच्या आवाजांची. चित्रपटाला ओरखडाही पडू नये इतकं जपून. पण त्या पट्टीवर क्वास्टचं गुणगुणणं असूच शकत नव्हतं. ते तिथे मुद्दाम आणून लावलेलं होतं.

चोराने एवढं चोरलं, मग तेवढंच परत का ठेवलं?

३

"माझ्यावर संशय घे, चालेल," अलॉइस भांडाराची शिडी ढकलत म्हणाला. "किल्ली माझ्याकडे असते. पण किल्ली खुंटीला टांगलेली असते हे झाडूवालीच्या मांजरालासुद्धा माहीत आहे."

"अलॉइसकाका, तुम्हाला साहेबांचा राग आहे म्हणतात."

"राग कशाचा? दर चित्रपटाआधी वाहिनीची जाहिरात, मध्ये जाहिरात, शेवटी नावं वाचून होण्याआधी जाहिरात. थडग्यावरसुद्धा भित्तिपत्रक चिकटवेल हा माणूस." त्याने नाक फुरफुरवलं. "पण माझं सोड. इथे भुतं फिरतात हल्ली. मूकपटांच्या फळीवरची धूळ कुणीतरी मोडलीय."

"मूकपट? ते आपण कुठे दाखवतो?"

"एकदा दाखवला होता. अर्ध्या म्युनिकने फोन केले, आमचा टीव्ही बिघडला, आवाज येत नाही म्हणून. तेव्हापासून त्या फळीकडे कुत्रं फिरकत नाही. आणि परवा पाहतो तर एक पेटी उलटी." तो खोकला. "मी नाही आवाज चोरला, पोरी. पण जो चोरेल त्याला मी चोर म्हणणार नाही."

"का?"

अलॉइसने शिडी पुढे ढकलली. "साहेबाला विचार, आवाज कशाला हवाय."

४

टिलो तिला खालच्या उपाहारगृहात सापडला. पुढ्यात भोपळ्याचं सूप होतं, ते निवून गेलं होतं.

"तुम्ही मला विचारणार, याचा फायदा कुणाला," तो म्हणाला. "मला. जुना आवाज हरवला की नवं डबिंग करावं लागणार आणि ते मला मिळणार. बरोबर?"

"मी अजून काहीच विचारलं नाही."

"सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं ते." तो चमच्याशी खेळत राहिला. "क्वास्टने मला हे काम शिकवलं. म्हणायचा, आपण खोटं बोलतो, पण सांगून बोलतो. प्रेक्षकाला ठाऊक असतं. जिथे त्याला ठाऊक नसेल तिथे बोलू नकोस."

"म्हणजे?"

टिलोने इकडेतिकडे पाहिलं. "सप्टेंबरात हार्मसेनसाहेबांनी मला बोलावलं. नाताळासाठी वाहिनीची जाहिरात करायची होती. मी क्वास्टच्या आवाजात बोलायचं. नक्कल नाही, अगदी तोच वाटला पाहिजे. ‘मी परत आलोय, यंदाचा नाताळ आबेंडकीनोसोबत.’ मी म्हटलं, चित्रपटात त्याच्या जागी उभा राहीन, पण तो जिवंत आहे असं भासवणार नाही."

"रागावले?"

"नाही, तेच तर. दोन आठवड्यांनी मीच विचारलं, जाहिरातीचं काय झालं? हसून म्हणाले, आता तुमची गरज नाही, टिलो. अस्सल माल मिळालाय."

आफ्रा निवलेल्या सुपाकडे बघत राहिली. अस्सल माल. दोन तासांचं क्वास्टचं बोलणं, वाहिनीकडे उरलेलं एकमेव, शब्दागणिक सुटं करून हवं तसं गुंफायला. ‘मी’ एका प्रसंगातून, ‘परत आलोय’ दुसऱ्यातून. साहेबांना चित्रपट नको होता, आवाज हवा होता, तो यासाठी.

आणि गुणगुणण्यात शब्द नसतात. त्यातून कुणालाही काही वदवता येत नाही.

५

क्वास्टचं घर नदीपलीकडे, एका जुन्या बिर्चच्या झाडामागे होतं. दार त्याच्या पत्नीने, गुडुलाने उघडलं. चाळिशीची बाई, काळा स्वेटर, हाताला माती. कबरीवर लावायची फुलझाडं ती कुंडीतून काढत होती.

"वाहिनीतून आलात? बसा. शनिवारची तयारी चाललीय का?"

"हो." आफ्राला खरं सांगवेना. "तुमच्याकडे कुणी परवानगी मागितली होती का, क्वास्टसाहेबांचा आवाज दुसऱ्या कशासाठी वापरायची?"

"दुसऱ्या कशासाठी?"

त्या प्रश्नातच उत्तर होतं. इतक्यात पायऱ्यांवरून सहा-सात वर्षांची मुलगी उतरली, एकेक पायरी घसरत, आणि काहीतरी गुणगुणत.

आफ्राने चमकून वर पाहिलं. तीच चाल. दीपगृहातली.

"ही योरिंडे," गुडुला म्हणाली. "गाणं तिच्या बाबाचं आहे. फार पूर्वी एका चित्रपटासाठी गुणगुणायचं होतं. कागदावर चाल नव्हतीच, त्याने तिथल्या तिथे रचली. मग ही झाली, तेव्हा रोज रात्री तेच."

"कुणाला ठाऊक आहे हे?"

"घरातल्या माणसांना."

योरिंडेने पाहुणीला निरखून पाहिलं. "तू टीव्हीतली का? माझे बाबा टीव्हीत बोलायचे. कधी पोलिसाच्या तोंडून, कधी राजाच्या. मला कळायचं, आईला पण कळायचं." मग तिने टेबलावरची पिशवी ओढली. "वेणी खाणार? पण थोडीच मिळेल. ही आधीच मोडकी आलीय."

वेणीपाव. सर्व संतांच्या दिवसात धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचं पालकत्व घेणारा, आपल्या धर्मलेकराला तो देतो. फिनीलाही तिच्या धर्ममातेने परवाच आणून दिला होता. या वेणीचं एक टोक सुरीने सरळ कापलेलं होतं.

"धर्मपिता म्हणाला, हॅम्बुर्गच्या उंदराने खाल्ली," योरिंडे गंभीरपणे म्हणाली. "दुसरी मिळाली नाही. आधी सांगून ठेवावं लागतं ना बेकरीत."

गुडुला किंचित हसली, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी. "एगिड आहे तिचा धर्मपिता. आन्सगारचं पहिलं काम त्यानेच ध्वनिमुद्रित केलं होतं. तुमच्याकडेच असतो, ओळखत असाल."

६

आफ्रा थेट भांडारात गेली. मूकपटांच्या फळीवर धुळीचा थर एका जागी मोडला होता. उलटी पेटी तिने सुलटी केली आणि उघडली. आत टेप होती, जुन्या स्टुडिओची चिठ्ठी चिकटवलेली.

"इथे कुणी आवाज शोधत नाही," मागून एगिड म्हणाला. तो दारात उभा होता, हात खिशात, पळायच्या बेतात नसलेल्या माणसासारखा. "कसं कळलं?"

"योरिंडेच्या मोडक्या वेणीमुळे. आणि लाटांमुळे. टेप नुसती खराब केली असतीस तर जुनी झाली म्हणून सगळ्यांनी मान डोलावली असती."

"करायला गेलो होतो. हात होईना." तो पेटाऱ्यावर बसला. "साहेबांनी मला यादी दिली होती. कुठलं वाक्य कुठून कापायचं, काय जोडायचं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी कापलं असतं. नाताळात ती पोरगी टीव्हीसमोर बसली असती आणि तिचा बाप म्हणाला असता, मी परत आलोय. आफ्रा, ती दारापाशी जाऊन उभी राहिली असती."

आफ्राने टेप पेटीतून बाहेर काढली.

"गुणगुणणं तेवढं ठेवलं," तो म्हणाला. "शनिवारी ती चित्रपट बघणार, आईने कबूल केलंय तिला. तेवढं तरी तिला मिळायला हवं होतं."

"आणि मी? माझी सही होती त्यावर."

"ते माझ्या डोक्यात आलंच नाही. साहेब तुला म्हणाले, ते बाहेर ऐकलं आणि रात्रभर डोळा लागला नाही." त्याने मान खाली घातली. "जा, सांग त्यांना. मी नाही म्हणणार नाही."

टेप तिच्या हातात होती. नोकरी, घरभाडं, फिनीची बालवाडी, सगळं त्या पेटीत मावलं होतं. नेऊन ठेवली की ती सुटली, एगिड अडकला आणि क्वास्ट कापला गेला. न ठेवावी तर मेलेल्या माणसाचा शेवटचा धड आवाज मूकपटांच्या धुळीत पडून राहिला.

ती टेप घेऊन वर गेली.

७

"मूकपटांत गेली होती," तिने टेप हार्मसेनसाहेबांसमोर ठेवली. "पेटी चुकली."

"पेटी चुकली," ते सावकाश म्हणाले. "आणि त्या पेटीत शब्दांशिवायची पट्टी आपोआप येऊन बसली. मला इतका भोळा समजता?"

"नाही, साहेब. म्हणून दुसरी गोष्टही सांगते. जाहिरातीचं मला कळलंय. क्वास्टबाईंना अजून काही माहीत नाही."

साहेबांनी टेबलावरचा दिवा उगाच सरकवला. "लोक वाहिनी सोडून चाललेत. इथे काम करणाऱ्यांना मला पगार द्यायचेत, तुम्हालाही. मी काही कबर उकरत नव्हतो. आवाज लोकांचा लाडका होता, एवढंच."

"परवा तुम्ही पावाचा तुकडा खाल्लात," आफ्रा म्हणाली.

"त्याचा इथे काय संबंध?"

"इकडे या दिवसांत धर्मपिता आपल्या धर्मलेकराला तो देतो. तो पाव क्वास्टच्या मुलीचा होता. एगिड तिचा धर्मपिता आहे. तिला सांगितलंय की हॅम्बुर्गच्या उंदराने खाल्ला." ती थांबली. "बाप गेल्यानंतरचा तिचा हा पहिला सण. ती अजून टीव्हीत त्याचा आवाज ओळखते. जाहिरात तिने ऐकली, तर तिला काय सांगायचं ते तुम्हीच मला सांगा. मी जाऊन सांगते."

हार्मसेनसाहेब उठून खिडकीपाशी गेले. चिनाराची पानं वाहनतळावर गोल फिरत होती.

"मला कुणीच सांगितलं नाही," ते शेवटी म्हणाले, "की तो लहान मुलीचा आहे."

तो म्हणजे पाव, की आवाज, हे आफ्राने विचारलं नाही. त्यांनी टेप तिच्याकडे सरकवली.

"शनिवारी लावा. सोमवारी ती क्वास्टबाईंकडे पोचती करा, एक प्रत आपल्याकडे ठेवून. फक्त चित्रपटासाठी. असं लिहून द्या, मी सही करतो." ती दारापाशी पोचली तेव्हा ते म्हणाले, "आणि ती बेकरी कुठली, तेवढं सांगून जा."

८

सर्व संतांच्या दिवशी दुपारपासून धुकं होतं. दफनभूमीत कबरीकबरीवर लाल काचेचे दिवे लागले होते. एगिडने क्वास्टच्या कबरीवरची पानं हातानेच वेचली. टिलो थोडा लांब, टोपी हातात घेऊन उभा राहिला.

पाच वाजता सगळे गुडुलाच्या बैठकीत होते. टेबलावर नवी वेणी होती, अखंड, बदामांनी मढवलेली. कुणी पाठवली याची चिठ्ठी नव्हती. फिनीच्या कांजिण्यांवर खपल्या धरल्या होत्या; ती आणि योरिंडे एका पांघरुणात बसून बदाम खुडत होत्या.

"बघ, आता नाही मुका," फिनी तिला म्हणाली.

रखवालदार बोलला. वाटी पुढे करत तो म्हणाला, "खा, समुद्र कुठे पळून जात नाही," आणि गुडुलाने दोन्ही हात तोंडावर घेतले. एगिड खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. वादळ झालं, भांडण झालं. गुणगुणणं आलं तेव्हा योरिंडेही त्याच्याबरोबर गुणगुणली, न चुकता, अगदी त्याच ठिकाणी बेसूर होत. मग बोट आली. रखवालदाराने मुलीचा निरोप घेतला, दिवा लावायला जिना चढला. वर पोचल्यावर तो काही बोलला नाही. समुद्र तेवढा वाजत राहिला.

शेवटची नावं पुरी वर जाईपर्यंत कुणी हललं नाही. मध्ये जाहिरात लागली नाही. मग गुडुला चहाचं आधण ठेवायला आत गेली, आणि तिकडे नळ बराच वेळ वाहत राहिला.

योरिंडे पांघरुणातून सुटून टीव्हीपाशी बसलेल्या आफ्राजवळ आली. काळ्या पडद्यावर तिचा चेहरा अंधूक दिसत होता. त्यावर जिथे मघा रखवालदार होता तिथे तिने बोट टेकवलं.

"हा तर संपला," ती म्हणाली. "आता बाबा कुणाच्या तोंडून बोलणार?"